वेगवान गाडी, काळी माती आणि मागची सीट

सावनेरला रस्ता फुटतो. नागपूरहून पाटणसावंगीमार्गे आलेली गाडी इथून एका बाजूला राष्ट्रीय महामार्ग ४७ धरून पांढुर्णा, मुलताई, बैतूलकडे जाते, तर दुसऱ्या बाजूला ५४७ धरून सौंसर, रामाकोना, छिंदवाड्याकडे. दोन्ही वाटांवर थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपते आणि मध्य प्रदेश लागतो. मराठी मात्र संपत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर बाजूला काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. कागदावर राजधानी भोपाळ आणि हायकोर्ट जबलपूरला, पण मोठं दुखणं आलं की माणूस जातो नागपूरच्या ‘मेडिकल’ला, म्हणजे सरकारी रुग्णालयात. लग्नाचा बस्ता नागपूरचा, पोरापोरींची कॉलेजं नागपूरची आणि सोयरिकी वरूड, मोर्शी, काटोल, सावनेरच्या. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर, सौंसरहून सत्तरेक. म्हणजे इथल्या घरातली गाडी बाजारापुरती नसते. तिला सकाळी शेतापर्यंत जायचं असतं, दुपारी महामार्गावर ऐंशी-शंभरच्या वेगानं पळायचं असतं आणि रात्री म्हाताऱ्या माणसाला पाठीमागे बसवून, त्याची कंबर न दुखवता, घरी आणायचं असतं.

या घरात तिशीच्या आतला कुणी असेल तर त्याच्या मनात आणखी एक गाडी असते. दिसायला साधी, चार मीटरच्या आतली, पाच दारांची हॅचबॅक; पण बॉनेटखाली टर्बो इंजिन, पायाखाली जोरदार पिकअप. जगभर अशा गाड्यांना ‘हॉट हॅच’ म्हणतात. घरातली वडीलधारी मंडळी अशा गाडीकडे संशयानं पाहतात. पळणारी गाडी म्हणजे दणके देणारी गाडी, असं समीकरण त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. मला हे समीकरण अर्धंच खरं वाटतं. ताकदीची हॅचबॅक कशी बनवली आहे यावर सगळं अवलंबून आहे. नीट बनवलेली असली, तर पांढुर्णा-सौंसरसारख्या भागात ती रोजच्या वापराला सगळ्यात शहाणी गाडी ठरू शकते. चुकीची बनवलेली असली, तर दुसऱ्या महिन्यात घरातले सगळे तिला टाळू लागतात.

या गाड्यांच्या जन्माची गोष्टच याला साक्ष आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत फोक्सवॅगनमधल्या मोजक्या अभियंत्यांनी, कंपनीचा अधिकृत आदेश नसताना, एका साध्या कुटुंबाच्या गाडीला खेळकर बनवायचा घाट घातला. पहिला नमुना तयार झाला तो अति कडक आणि कानठळ्या बसवणारा. वरिष्ठांना तो अजिबात पसंत पडला नाही. मग त्यांनी तोच विचार मवाळ केला. सस्पेन्शन माणसांना सोसेल असं केलं, आवाज दाबला, आणि त्यातून गोल्फ जीटीआय उभी राहिली. १९७५ मध्ये ती फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि १९७६ मध्ये विक्रीला आली. इंजिन १.६ लिटर, ताकद ११० अश्वशक्ती. कंपनीचा अंदाज पाच हजार गाड्यांचा होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. वेगवान गाड्या तेव्हाही पुष्कळ होत्या. हिच्यात मात्र सोमवारी ऑफिसला जाता येत होतं, शनिवारी बाजार आणता येत होता आणि रविवारी मोकळ्या रस्त्यावर मन भरून चालवता येत होतं. पहिला नमुना तसाच कडक ठेवला असता, तर आज या जातीच्या गाड्यांबद्दल लिहायला कदाचित काही उरलंच नसतं.

आता जर्मनीचा रस्ता सोडून आपल्या रस्त्यावर येऊ.

पांढुर्णा-सौंसरचा पट्टा म्हणजे संत्रा आणि कापूस, आणि दोन्हींच्या खाली काळी माती. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. पाऊस पडला की ते पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला ही माती प्यारी, रस्ता बांधणाऱ्याला वैरी. वर कितीही चांगलं डांबर टाकलं तरी खालची माती दर पावसाळ्यात उठते आणि दर उन्हाळ्यात बसते. कडेचा भाग आधी भिजतो, आधी सुकतो. त्यामुळे रस्त्याच्या कडा आधी खचतात आणि मधला भाग लाटांसारखा वरखाली होतो. खड्डा दिसतो, म्हणून ड्रायव्हर तो चुकवतो. ही लाट डोळ्यांना दिसत नाही. चाळीसच्या वेगानं ती जाणवतही नाही. ऐंशीला मात्र तीच लाट गाडीचं मागचं अंग उचलून देते आणि मागे बसलेल्याचं डोकं छताकडे जातं. आपल्याकडे जिला लोक ‘गाडी उडते’ म्हणतात, ती बहुतेक वेळा खड्ड्यानं नव्हे, या लाटेनं उडते.

गावाकडे वळलं की दुसरी परीक्षा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली आणि वाड्यावस्त्यांपर्यंत पक्के रस्ते गेले. या रस्त्यांची नेहमीची रुंदी ३.७५ मीटर. टाटाची अल्ट्रोज किंवा ह्युंडाईची आय-२० यांसारखी गाडी पावणेदोन मीटर रुंद, आरसे वेगळे. समोरून संत्र्यांचे क्रेट भरलेला मिनी ट्रक आला की कुणीतरी एकानं दोन चाकं खाली साईडपट्टीवर उतरवायलाच हवीत. संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, तेव्हा तर असं उतरणं-चढणं रोजचंच. साईडपट्टी खचलेली असली की डांबराची कड सुरीसारखी उभी राहते. कमी जाडीच्या टायरचा घात तिथेच होतो.

तिसरी परीक्षा स्पीड ब्रेकरची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत गोलाकार ब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा असं दिलं आहे. असा ब्रेकर ताशी २५ किलोमीटरनं कुणालाही न दुखवता पार होतो. आपल्या गावाबाहेरचे, शाळेपुढचे, देवळापुढचे ब्रेकर डोळ्यांसमोर आणा. रुंदी हातभर, उंची वीतभर. एखादा अपघात झाला की रातोरात घातलेले, त्यांवर ना पट्टा ना फलक. त्यांच्यावरून खाली असलेली गाडी नेताना चेंबर घासल्याचा आवाज आला की गाडीवाल्याच्या काळजात काय होतं, हे त्यालाच ठाऊक. गाडी जमिनीपासून किती उंच आहे एवढंच इथे पाहून भागत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जितकं जास्त, तितकं गाडीचं पोट ब्रेकरवर टेकायची शक्यता जास्त. शिवाय कागदावरची उंची बहुतेकदा रिकाम्या गाडीची असते. चार मोठी माणसं आणि डिक्कीत धान्याचं पोतं असलं की तीच गाडी दोन-तीन बोटं खाली बसते.

या तिन्ही परीक्षांना उत्तर देणारा भाग एकच, आणि त्याच्याविषयी शोरूममध्ये कुणी विचारत नाही. इंजिन किती, ॲव्हरेज किती, स्क्रीन किती इंचांची, सनरूफ आहे का, हे सगळे प्रश्न होतात. शॉकअप कसले आहेत, हा प्रश्न होत नाही.

आपल्या मेकॅनिकच्या भाषेत शॉकअप म्हणजे स्प्रिंग आणि डँपर मिळून सगळं. पण आरामाचं रहस्य कळायला दोघांना वेगळं करून पाहावं लागतं. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. ती दाबली गेली की शक्ती साठवते आणि लगेच परत फेकते. एकट्या स्प्रिंगवर सोडलेली गाडी पाळण्यासारखी झुलत राहील. तो झुला थांबवायचं काम डँपरचं. त्याच्या नळीतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि उसळीची शक्ती उष्णतेत जिरते. चांगल्या डँपरची कमाल अशी की हळूहळू येणाऱ्या लाटेला तो घट्ट विरोध करतो आणि अचानक बसलेल्या तीक्ष्ण धक्क्याला वाट मोकळी करून देतो. स्वस्त डँपरला हे दोन्ही एकदम जमत नाही. त्याला घट्ट केलं तर प्रत्येक बारीक खडा कमरेला कळतो. मऊ ठेवलं तर महामार्गावर गाडी हेलकावे खाते. म्हणून ‘कडक म्हणजे स्पोर्टी, मऊ म्हणजे आरामदायी’ ही बोलण्याची पद्धत दिशाभूल करणारी आहे. लाटेनंतर एकदाच वर येऊन जागेवर बसणारी गाडी आरामदायी. तीन वेळा डुलणारी गाडी कितीही मऊ असली तरी नागपूरपर्यंत पोचताना माणसाला थकवते.

शरीराचं गणितही इथे आहे. माणूस चालताना सेकंदाला साधारण दीड-दोन वेळा वरखाली होतो, आणि कुटुंबाच्या गाड्यांची स्प्रिंग अशी निवडतात की गाडीचं अंग सेकंदाला एक ते दीड वेळा हलावं. एवढी हालचाल शरीराला ओळखीची असते. सेकंदाला चार ते आठ वेळा येणारी उभी थरथर मात्र माणसाला सगळ्यात जास्त सलते. पोट, पाठीचा कणा, मान त्याच तालावर हलू लागतात. माणसावर होणाऱ्या कंपनांचं मोजमाप सांगणारं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २६३१ याच पट्ट्याला जास्त वजन देतं. उलट टोकाला, दोन सेकंदांत एकदा किंवा त्याहूनही संथ हेलकावा आला की मळमळतं. पोरांना घाटात गाडी लागते ती यामुळे. कंपनीनं वेगवान गाडीच्या नावाखाली स्प्रिंग फार ताठ केली, तर अंगाचा ताल सलणाऱ्या पट्ट्याच्या दिशेनं सरकतो. मग ती गाडी ट्रॅकवर कितीही छान वळो, आजीला ती नकोच असणार.

याच विषयातली एक जुनी गोष्ट मला फार आवडते. मॉरिस ऑली हा इंग्रज अभियंता रोल्स-रॉईस सोडून अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला. १९३० च्या दशकात त्यानं गाडीवर वजनं मागेपुढे सरकवत, त्यात माणसं बसवत, आराम कशात आहे याचा पद्धतशीर शोध घेतला. त्याला दिसलं की मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोडी वेगानं झुलणारी हवी. कारण उघड आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकाला भेटतो, मागच्याला नंतर. अडीच मीटरच्या चाकबैठकीच्या गाडीत, ऐंशीच्या वेगात, हे अंतर सेकंदाचा जेमतेम नववा भाग असतं. मागचं अंग जरा लवकर हललं तर ते पुढच्याला गाठतं आणि गाडी नाक-शेपूट न आपटता सपाट वरखाली होते. पाठीमागे बसलेल्याच्या मानेवर याचा सगळ्यात मोठा परिणाम होतो. शंभर वर्षं होत आली, तरी चांगल्या गाडीच्या सपाट चालीमागे हाच विचार असतो.

मराठी माणसाच्या अंगणातच या विषयाचे दोन उत्तम धडे तयार झाले, आणि दोन्ही पुणे जिल्ह्यात.

पहिला रांजणगावचा. तिथल्या कारखान्यात फियाटची पुंतो बनायची. साधी पुंतो खराब रस्त्यावर आश्चर्य वाटावं इतकी शांत चालायची; जड दारं, वजनदार स्टेअरिंग, आणि खड्ड्यावरून जाताना एकच बुजलेला ‘धप’. फियाटला हे ज्ञान वारशानं मिळालं होतं. तिची आधीची पालिओ विकसनशील देशांच्या रस्त्यांसाठी म्हणूनच आखली गेली होती आणि १९९६ मध्ये सर्वांत आधी ब्राझीलमध्ये रस्त्यावर आली. भारतात २००१ मध्ये आलेली १.६ लिटरची पालिओ पेट्रोल भरपूर प्यायची. पण शंभर अश्वशक्तीची, रस्त्याला चिकटून धावणारी ती गाडी अनेकांच्या मनातून अजून गेलेली नाही. मग ऑक्टोबर २०१५ मध्ये रांजणगावहून अबार्थ पुंतो आली. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि किंमत शोरूममध्ये दहा लाखांच्या किंचित आत. एवढ्या पैशांत एवढी ताकद भारतीय कारखान्यातून तोवर कुणी दिली नव्हती. पण तिला जमिनीजवळ आणलं गेलं, उंची १५५ मिलिमीटरवर आली आणि स्प्रिंग ताठ केली. गुळगुळीत महामार्गावर ती अप्रतिम होती. फुटलेल्या गावरस्त्यावर, साध्या पुंतोनं जे गुपचूप गिळलं असतं ते ही मागच्या सीटपर्यंत पोचवायची. एकच सांगाडा आणि दोन स्वभाव इतक्या स्वच्छपणे शेजारी ठेवून दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. सौंसरच्या माणसासाठी आदर्श गाडी या दोन्हींच्या मधे होती: अबार्थचं इंजिन आणि साध्या पुंतोचं सस्पेन्शन. ती कुणी बनवली नाही.

दुसरा धडा चाकणचा, आणि तो यशाचा. फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्यातून २०१० पासून २०२२ पर्यंत पोलो बाहेर पडत राहिली. २०१३ मध्ये तिची जीटी टीएसआय आवृत्ती आली. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती. कागदावर हा आकडा अबार्थपुढे लहान दिसतो. पण १७५ न्यूटन-मीटर टॉर्क १५०० फेऱ्यांपासूनच मिळायचा, आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तो न अडखळता चाकांपर्यंत नेत असे. कंपनीनं तिचं सस्पेन्शन फार ताठ केलं नाही. हळू वेगात थोडी ठाम, ऐंशीनंतर सपाट आणि निवांत, अशी तिची चाल. पोलोला मोठी उणीव एकच: मागची सीट अरुंद, गुडघ्यांना जागा कमी. तीन मोठी माणसं मागे बसून नागपूरला गेली की घरातून तक्रार येणारच. तरीही ही गाडी बंद झाल्यावर जुन्या बाजारात तिला मिळणारा मान कमी झाला नाही, आणि त्यामागे तिच्या चालीचा मोठा वाटा आहे.

मधल्या काळात आणखी काही प्रयत्न झाले. मारुतीची बलेनो आरएस २०१७ मध्ये आली. कोइम्बतूरच्या जयेम कंपनीशी मिळून टाटानं केलेली टिआगो जेटीपी २०१८ मध्ये आली. ११४ अश्वशक्ती, सात लाखांच्या आत. दोन्ही २०२० पर्यंत संपल्या. लोक एसयूव्हीकडे वळले होते.

तीन दारांची आयात पोलो जीटीआय २०१६ मध्ये पंचवीस लाखांवर आली होती, आणि २०२५ मध्ये २६५ अश्वशक्तीची गोल्फ जीटीआय ५३ लाखांना आली. गाडी म्हणून तिचं कौतुक आहेच. मागच्या चाकांचं सस्पेन्शनही तिचं उच्च दर्जाचं, प्रत्येक चाकाला स्वतंत्र. पण तिच्या २२५/४० आर १८ टायरची भिंत हिशेबानं फक्त ९० मिलिमीटर येते. हा हिशेब प्रत्येकानं शिकून घ्यावा, फार सोपा आहे. टायरवर लिहिलेला पहिला आकडा रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची. १८५/६० म्हणजे १११ मिलिमीटर, १९५/५५ म्हणजे १०७. काळ्या मातीच्या रस्त्यावर, खचलेल्या साईडपट्टीच्या कडेवर, हे वीस मिलिमीटर रबर आणि हवा म्हणजे वाकलेला अलॉय आणि शाबूत अलॉय यांतला फरक आहे.

अलीकडची, आपल्या आवाक्यातली नावं दोन घेता येतील. ह्युंडाईची आय-२० एन लाइन २०२१ मध्ये आली. एक लिटर टर्बो, १२० अश्वशक्ती, १७२ न्यूटन-मीटर. टाटाची अल्ट्रोज रेसर जून २०२४ मध्ये आली, १.२ लिटर टर्बो, १२० अश्वशक्ती, १७० न्यूटन-मीटर, सहा गिअर हातानं टाकायचे. दोघींची इंजिनं बाराशे सीसीच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत, आणि हा योगायोग नाही. सरकारी कराची रेषा तिथेच आखलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेषेच्या आतल्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, बाहेरच्यावर ४० टक्के. अबार्थचं इंजिन १३६८ सीसीचं, रेषेच्या पलीकडचं. या करानं भारतीय हॉट हॅचला लहान इंजिनाची शिस्त लावली, आणि माझ्या मते ती शिस्त आपल्या रोजच्या उपयोगाला हितकारकच ठरली.

कारण इथे ताकद लागते ती दीडशेचा वेग गाठायला नव्हे. रामाकोना सोडून छिंदवाड्याकडे निघालं की सिल्लेवानीचा घाट लागतो. सातपुड्याची चढण, वळणावर वळण, पुढे लोखंड नाहीतर सिमेंट भरलेला ट्रक. गाडीत पाच माणसं, बाहेर मे महिन्याचं ऊन, एसी पूर्ण. साध्या १.२ लिटर इंजिनाचा ११३ न्यूटन-मीटरच्या आसपासचा टॉर्क चार हजार फेऱ्यांच्या पुढे मिळतो. मग गिअर दुसऱ्यावर आणायचा, इंजिन किंचाळायला लावायचं आणि तरी ओव्हरटेक होईल की नाही याची धाकधूक. टर्बो हॅचबॅकमध्ये तोच ट्रक तिसऱ्या गिअरवर, पाय थोडा दाबून, सरळ दिसणाऱ्या छोट्याशा तुकड्यात मागे पडतो. समोरच्या लेनमध्ये गाडी जितका कमी वेळ राहील तितकं बरं. मागे बसलेल्यांना झटके बसत नाहीत, सारखे गिअर बदलावे लागत नाहीत, ब्रेक आणि रेस यांची ओढाताण होत नाही. पोराला घाटात उलटी न होणं हे निम्मं ड्रायव्हरच्या हातात असतं, निम्मं इंजिनाच्या या गुळगुळीत ओढीत. म्हणून मी टॉर्कलाही आरामाच्या खात्यात धरतो. मागच्या सीटवरची माणसं त्याच्याविषयी बोलणार नाहीत. ती फक्त झोपी जातील.

अल्ट्रोज रेसरला पुढच्या सीटमध्ये हवा खेळवण्याची सोय आहे, आणि पंचेचाळीस अंशांच्या विदर्भी उन्हाळ्यात त्याची किंमत मुंबईच्या परीक्षकाला कळणार नाही. तिचे टायर १८५/६० आर १६, म्हणजे जाड भिंतीचे; चाल ठाम पण खडबडीत रस्त्याला सरावलेली. आय-२० एन लाइनचे टायर १९५/५५ आर १६. डँपर साध्या आय-२० पेक्षा घट्ट केलेले, चाकबैठक २५८० मिलिमीटर, म्हणून लाटांवर नाक-शेपूट कमी आपटते आणि मागे पाय पसरायला जागा मिळते. दोघींची इंजिनं तीन सिलिंडरची, त्यामुळे सिग्नलला उभं असताना बारीक थरथर येते. चालत्या गाडीत ती विसरायला होते.

एक गोष्ट विकत घेणाऱ्यांना कुणी सांगत नाही. या सगळ्या लहान हॅचबॅकांचं मागचं सस्पेन्शन एकाच वळणाऱ्या दांड्याचं असतं आणि मागची स्प्रिंग भरलेल्या गाडीचा विचार करून बसवलेली असते. त्यामुळे एकट्यानं चालवताना मागचं अंग उड्या मारतं, आणि पाच माणसं बसली की तीच गाडी गंभीर होते. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बहुधा दोघांत, सपाट रस्त्यावर, पुढच्या सीटवर होते. तीत यातलं काहीच कळत नाही.

एसयूव्ही घेणाऱ्यांशी माझा वाद नाही. शेतात रोज जाणाऱ्या कास्तकाराला उंच गाडी हवीच. पण उंच म्हणजे आरामदायी हे गृहीत धरू नये. गाडी उंच झाली की वळणावर ती कलंडू पाहते. तो कल आवरायला दोन्ही बाजूंना बांधणारी दांडी जाड करावी लागते. मग एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की सगळं अंग डावी-उजवीकडे झटकतं आणि प्रवाशाचं डोकं खिडकीकडे आपटायला जातं. खालच्या गुरुत्वमध्याची हॅचबॅक तेच वळण कमी कलानं, मऊ दांडीवर निभावते. पांढुर्णा-नागपूर रस्ता रोज करणाऱ्याला हा फरक वर्षभरात मानेवर कळेल.

गाडी घरात आल्यावर चाल टिकवायचं काम बहुतेक टायरच्या हवेचं आहे. पंक्चरवाला सगळ्यांना एकच आकडा भरतो. आपल्या गाडीचा खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो, एकट्यासाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. तापमान दहा अंशांनी बदललं की दाब सुमारे दीड-दोन पौंडांनी बदलतो. जुनी पोलो जीटी घेत असाल तर शॉकअपवर तेल पाझरलंय का, लिंक रॉड खडखडतोय का, वरचे माउंट फाटलेत का, हे नागपूरच्या चांगल्या मेकॅनिककडून लिफ्टवर चढवून पाहून घ्या. गिअरबॉक्सच्या सर्व्हिसचे कागद मागा. ऑटोमॅटिकची दुरुस्ती गाडीच्या किमतीला झोंबते. आणि मोठे अलॉय, खाली आणणाऱ्या स्प्रिंगा लावून दिमाख करायचा मोह आवरा. गाडीच्या शहाण्या चालीचा घात त्या दोन वस्तूंइतका दुसरं काहीही करत नाही.

माझा कौल असा. घरात चार-पाच माणसं, महिन्यातून अनेकदा नागपूर आणि कधीमधी छिंदवाड्याचा घाट असेल, तर जाड टायरची, १२० अश्वशक्तीच्या आसपासची टर्बो हॅचबॅक घ्या. मागे ऐसपैस बसायची जागा हवी असेल तर आय-२० एन लाइनकडे, खराब रस्ता जास्त असेल तर अल्ट्रोज रेसरकडे आधी पाहा. बहुतेक वेळा दोघंच फिरणार असाल आणि चांगली राखलेली मिळाली, तर जुनी पोलो जीटी. अबार्थ पुंतो ज्याच्याकडे आहे त्यानं ती जपावी; घरातली एकुलती एक गाडी म्हणून मात्र घेऊ नये.

आणि पैसे देण्याआधी एवढं कराच. शोरूमवाल्याला गाडी घेऊन तुमच्या गावच्या रस्त्यावर बोलवा, आईला किंवा वडिलांना सोबत घ्या, गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला द्या आणि तुम्ही मागच्या सीटवर बसा.